खडूची चव आणि फेरिटिन पाच

डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडे फिरवला आणि एका आकड्याभोवती पेनाने गोल काढला. पाच. त्याच्या पुढे लिहिलं होतं, फेरिटिन.

"शकुंतलम्मा, तुमच्या अंगातला लोहाचा साठा संपलाय," त्या म्हणाल्या. "कमी झालाय असं मी म्हणत नाही. संपलाय."

त्या कन्नडात बोलत होत्या. म्हैसूरमध्ये जन्म गेला, त्यामुळे कन्नडात मला काही अडत नाही, पण त्या वाक्यावर मी अडले. माझं हिमोग्लोबिन साडेदहा होतं. तेवढं तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचं असतं.

मग त्यांनी माझा हात मागितला आणि नखं पाहिली. अंगठ्याचं नख मधोमध खोलगट झालं होतं, पाण्याचा थेंब ठेवला तर तिथेच राहील असं. ते मला ठाऊक होतं. शिवणकामाने झालं असेल, असं धरून चालले होते. नखावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "खाण्याची नाही अशी एखादी वस्तू खाता का?"

शेजारच्या खुर्चीवर आमचे हे बसले होते. मी नाही म्हणाले.

रिपोर्टची पानं उलटत त्या सहज सांगितल्यासारखं सांगू लागल्या. त्यांच्याकडे एक शिक्षिका येते, ती दिवसभर फ्रिजमधला बर्फ चावते. एक बाई कच्चे तांदूळ मुठीमुठीने खायची. कुणी माती खातं. याला पायका म्हणतात, म्हणजे जे अन्न नाही त्याची अनावर ओढ. लोह संपलं की कित्येकांना असं होतं. "यात लाज वाटण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या. "आमच्यासाठी ती खूण असते, एवढंच."

मी मांडीवरच्या पिशवीचे बंद धरून बसले होते.

"खडू," मी म्हणाले. "कापडावर खुणा करायचा."

यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

*

आता आधीचं सांगते, म्हणजे ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना उपयोग होईल.

आम्ही शिंपी. पांडुरंगाला मानणारं घर, किती पिढ्या इथे झाल्या ते कुणालाच नीट सांगता येत नाही. घरी मराठी बोलतो, पण त्यात कन्नड इतकं मिसळलंय की पुण्याकडचे पाहुणे आले की आमच्या तोंडाकडे बघत राहतात. हे मेटगळ्ळीच्या कारखान्यांतल्या कामगारांचे गणवेश शिवतात. मी ब्लाउज शिवते, आणि गोकुलममध्ये योग शिकायला येणाऱ्या परदेशी मुलींच्या सुती विजारी. दुकान एकच, मशिनी दोन.

चाळिशीनंतर माझं वजन एकशे बारा किलोवर गेलं. साखर वाढली. गुडघे मशीनवर बसू देईनात. पाठीवर झोपलं की श्वास अडकायचा. आमची वैशाली बेंगळुरूला नोकरी करते. तिनेच चौकशी केली आणि वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल मला सांगितलं. तिचं नाव गॅस्ट्रिक बायपास. पोटाचा अंड्याएवढा कप्पा वेगळा करतात आणि त्याला आतड्याचा पुढचा भाग जोडतात. बाकीचं पोट आणि आतड्याची सुरुवात आतच राहते, पण अन्न त्या वाटेने जात नाही.

यांना ते पटलं नव्हतं. देवाने दिलेलं पोट कापायचं, हे त्यांच्या मनाला मानवत नव्हतं. त्यांनी भांडण केलं नाही. संमतीच्या कागदावर सही केली आणि एवढंच म्हणाले, "पुढे काही झालं तर मला म्हणू नकोस."

शस्त्रक्रिया चांगली झाली. दीड वर्षात मी अडुसष्ट किलोवर आले. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. माझेच ब्लाउज मी चार वेळा उसवून आत घेतले आणि शेवटी टाकून दिले. रुग्णालयाने आयुष्यभर घ्यायच्या गोळ्यांची यादी आणि दर सहा महिन्यांनी करायच्या तपासण्यांचा कागद दिला होता. पहिलं वर्ष मी सगळं केलं. मग बरं वाटू लागलं आणि तो कागद देवघराच्या खणात गेला. गोळ्या चालू राहिल्या, पण माझ्या सवडीने.

दोन वर्षांनंतर दम लागायला लागला. दुकानाच्या माळ्यावर जायला नऊ पायऱ्या आहेत. पाचवीवर थांबावं लागे. एकशे बारा किलोची होते तेव्हासुद्धा मी इतकी धापत नव्हते. केस कंगव्यात गुंतून यायचे. पाळी महिन्यात आठ-नऊ दिवस चालायची, तिचाही जोर वाढला होता. शेजारणी म्हणायच्या, पोट कापलं की असंच व्हायचं.

आणि खडू. पहिल्यांदा कधी तोंडात घातला, आठवत नाही. इस्त्रीची वाफ ओल्या खळीच्या कापडावर बसली की जो मातकट वास येतो, त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. मग चपट्या खडूचा एक कोपरा मी चावला. पुढे रोज एक संपू लागला. पांढराच लागायचा. निळ्याला ती चव नव्हती. खडू इतके भराभर कसे संपतात, असं हे म्हणायचे. ठोक विक्रेता तुकडे भरून देतो, असं ठरवून त्यांनी विक्रेता बदलला.

लपवण्याचं कारण खडू नव्हता. मी आजारी आहे हे कबूल केलं असतं, तर त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं. म्हणून मी जिना चढताना वर काही पाहतेय असं दाखवून पाचव्या पायरीवर थांबायचे.

मध्ये एकदा तपासणी करून घेतली होती, हेही सांगायला हवं. तेव्हा मला जोराचा ताप होता, सांधे सुजले होते. जवळच्या प्रयोगशाळेत वैशालीने फोनवरून फेरिटिन करायला सांगितलं. ते बासष्ट आलं. कागदावरच्या हद्दीत होतं. मला हायसं वाटलं आणि मी आणखी सहा महिने खडू खाल्ला.

शेवटी एका दुपारी गिऱ्हाइकाचं माप घेताना टेप माझ्या हातातून सुटला. शुद्धीवर आले तेव्हा मी कापडाच्या ढिगावर आडवी होते आणि हे माझ्या तळव्यांना तळवे घासत होते. दुसऱ्या दिवशी तपासण्या आणि तिसऱ्या दिवशी तो गोल केलेला आकडा.

*

डॉक्टरांनी मला विचारलं, दुकानात माल कुठे ठेवता? मी म्हणाले, थोडा बाहेर टांगलेला असतो, ठाणं माळ्यावर.

"हिमोग्लोबिन म्हणजे बाहेर टांगलेला माल," त्या म्हणाल्या. "फेरिटिन म्हणजे माळा. गिऱ्हाइकाला शेवटपर्यंत दुकान भरलेलं दिसतं. तुमचा माळा कधीच रिकामा झाला होता."

मग त्यांनी बाकीचे आकडे एकेक करून समजावले. सीरम आयर्न म्हणजे या घटकेला रक्तातून चाललेलं लोह. ते सकाळी वेगळं, संध्याकाळी वेगळं असतं, म्हणून नुसत्या त्या आकड्यावर जायचं नाही. टीआयबीसी म्हणजे लोह वाहून नेण्याची रक्ताची एकूण ताकद. लोह नेणारं एक प्रथिन असतं, ट्रान्सफेरिन. अंगात लोह नसलं की यकृत ते जास्त बनवतं, म्हणजे सापडेल तो कण उचलता यावा. स्टँडवर रिक्षा वाढत जातात आणि बसायला माणूस नाही, तसं. माझा टीआयबीसी खूप वाढला होता. त्यातल्या शंभर जागांपैकी फक्त सहा भरलेल्या होत्या. याला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन म्हणतात. वीसच्या आत आलं तर लक्ष द्यायचं.

मी तो तापातला बासष्टचा कागद पुढे केला. त्यांनी तो पाहिला आणि मान हलवली. अंगात ताप किंवा सूज असली की फेरिटिन आपोआप वर चढतं, साठा नसला तरीही. तापाच्या वेळी शरीर लोह रक्तातून आवरून घेतं, कारण जंतूंनाही वाढायला लोह लागतं. म्हणून त्या काळातला आकडा एकट्याने वाचू नये. सोबत सीआरपी ही सूज दाखवणारी तपासणी आणि सॅच्युरेशन पाहावं.

मी ऐकत राहिले. मी दुकानात खडू चावत बसले होते आणि आत कुणी जंतूंपासून लोह दडवत होतं, कुणी रिकाम्या रिक्षा वाढवत होतं. मला न विचारता, मला न कळता. मला स्वतःच्या अंगाचाच धाक वाटला.

यांनी प्रथमच तोंड उघडलं. विचारलं, माणसाच्या अंगात लोह असतं तरी किती? डॉक्टर म्हणाल्या, निरोगी माणसाच्या सगळ्या शरीरात मिळून तीन-चार ग्रॅम.

*

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. समोर टोकनचे लाल आकडे बदलत होते. कुणाच्या तरी वेणीतल्या मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, वास येत होता. आता हे बोलतील, असं धरून मी तयारीत होते.

"अव्वा चुलीची माती खायची," ते म्हणाले.

त्यांची आई. मी तिला पाहिलेलं नाही. म्हैसूर जिल्ह्यातल्याच एच. डी. कोट्याला राहायचे तेव्हा ते लोक.

"पोपडे काढून पदरात ठेवायची. आम्ही हसायचो. आप्पा रागवायचे, घराचं अन्न पुरत नाही का म्हणून. पाचव्या बाळंतपणात गेली. अंगात रक्त नव्हतं, म्हणाले सगळे. माती का खाते, असं तिला कुणी विचारलं नाही. नुसतं रागवले."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मला सांगायचंस की, शकू," ते म्हणाले. "शस्त्रक्रियेचं मी बोललो होतो, म्हणून नाही सांगितलंस. होय ना?"

मी होय म्हणाले. ते म्हणाले, "साकू. आता ते राहू दे." साकू म्हणजे पुरे. आमच्या घरात तो शब्द रागात येतो, त्या दिवशी तसा आला नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी मशीनच्या सुयांचं पाकीट उघडलं आणि शेजारच्या सोनाराच्या नाजूक काट्यावर एकेक सुई ठेवली. पाचवीला काटा तीन ग्रॅमच्या पुढे गेला. त्या पाच सुया तळहातावर घेऊन ते परत आले आणि मला दाखवल्या. एवढ्यावर माणूस चालतो, बोलतो, मुलं जन्माला घालतो. आम्ही दोघं बराच वेळ त्या सुयांकडे बघत बसलो. तीस वर्षं रोज सुया हाताळणारी माणसं आम्ही.

*

लगेच सुई टोचून लोह दिलं नाही. आधी एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आतला जोड पाहिला. जोडाजवळ जखम होऊन रक्त झिरपत असू शकतं. त्या तपासणीच्या आधीचे दोन दिवस मला अन्न गेलं नाही. जखम निघाली असती तर पोट कापलं की असंच व्हायचं, या शेजारणींच्या बोलण्यावर मीच विश्वास ठेवला असता. जोड स्वच्छ होता. पाळीसाठी वेगळ्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी गोळ्या दिल्या.

गोळ्यांचं लोह मला का लागू पडत नव्हतं, तेही कळलं. अन्नातलं लोह मुख्यतः आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि माझं अन्न तिथून जातच नाही. पोटातलं आम्लही कमी झालेलं. त्यात मी लोहाची गोळी कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेत होते आणि वर फिल्टर कॉफी. कॅल्शियम आणि कॉफी दोन्ही लोहाला अडवतात. दोन गोळ्यांत किमान दोन तासांचं अंतर हवं, कॉफीही लांब हवी. हे सगळं रुग्णालयाच्या त्या पहिल्या कागदावर छापलेलं होतं. घरी येऊन मी देवघराच्या खणातून तो काढला आणि वाचला. दोष कुणाचा, ते शोधायला लांब जावं लागलं नाही.

मग शिरेतून लोह देण्याचा दिवस आला. सलाइनची पिशवी टांगली. आतलं पाणी काळसर तपकिरी, थेट कॉफीच्या डिकॉक्शनसारखं. क्वचित कुणाला त्याची रिअॅक्शन येते, म्हणून सिस्टर सुरुवातीची काही मिनिटं माझ्या पलंगाशी उभी राहिली. दर थोड्या वेळाने विचारायची, छाती दडपते का, खाज येते का. मी त्या नळीकडे बघत होते. तपकिरी रेघ हळूहळू सरकत हातापर्यंत आली आणि आत गेली. काही वाटलं नाही. तोंडात जरा नाणं ठेवल्यासारखी चव आली, तेवढंच. अर्ध्या तासात पिशवी संपली, आणखी अर्धा तास बसवून ठेवलं आणि घरी सोडलं.

सहाव्या दिवसाची गोष्ट. मी एका ब्लाउजचा गळा आखत होते. आखला, कापला, बाह्या आखल्या. जेवायला उठताना लक्षात आलं की खडू कापडाजवळ पडलाय, सकाळी होता तसाच, चारही बाजू शाबूत. मी तो उचलून नाकाशी नेला. खडूचा वास आला. फक्त खडूचा.

मी परत बसले. हिमोग्लोबिन एवढ्यात वाढत नाही, जिना अजून तसाच जड होता. पण डोक्यातली कुठलीशी कळ फिरली होती. वर्षभर जी ओढ मी मनाचा दुबळेपणा समजून स्वतःला शिव्या देत होते, ती एका पिशवीने गेली. मी यांना हाक मारली आणि खडू दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि चष्मा पुसायला लागले.

*

फेरिटिन लगेच पुन्हा करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शिरेतून दिल्यावर ते काही आठवडे खोटं उंच दिसतं. चौथ्या आठवड्यात फक्त हिमोग्लोबिन आणि रक्ताचा स्मिअर करायला सांगितलं. स्मिअर म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली पाहणं.

तपासणी करणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या. हिमोग्लोबिन साडेबारा आलं होतं. यांनी घरून वहीत प्रश्न लिहून आणले होते. ते ऐकता ऐकता त्या हसल्या आणि म्हणाल्या, अक्का, स्वतःचं रक्त बघायचंय?

मी एक डोळा मिटून वाकले. आधी नुसता उजेड दिसला. त्यांनी चाक फिरवलं आणि एकदम गोल गोल ठिपके दिसू लागले. किती, ते मोजता येण्यासारखं नव्हतं. नीट पाहिल्यावर कळलं की ते दोन जातींचे आहेत. काही छान भरलेले, गुलाबी. काही बारके, फिकट, मध्ये पांढरे पडलेले, फक्त कडेला रंगाची पुसट रेघ.

भरलेल्या पेशी नव्या, त्यांनी सांगितलं. लोह मिळाल्यानंतर हाडांच्या मगजात बनलेल्या. फिकट पेशी आधीच्या.

"म्हणजे त्या खराब?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "लोह नव्हतं तेव्हाही शरीराने पेशी बनवणं थांबवलं नाही. होतं तेवढ्यात बनवल्या. तुम्हाला इथवर त्यांनीच आणलं. आता त्यांचे दिवस भरले की शरीर त्या मोडेल आणि त्यांच्यातलं लोह काढून नव्यांना देईल. यातलं काही टाकून देत नाही ते."

मी पुन्हा डोळा लावला. या वेळी भरलेल्या पेशी मी बघितल्याच नाहीत. त्या फिकटांकडे बघत राहिले. नऊ पायऱ्या, दुकान, गिऱ्हाइकांची मापं, सगळं त्यांनी त्या पुसट रेघेवर ओढलं होतं.

तुमच्यापैकी कुणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर बरं वाटतंय म्हणून तपासण्या सोडू नका. नुसतं हिमोग्लोबिन बघून निर्धास्त होऊ नका. फेरिटिन आणि सॅच्युरेशन दोन्ही मागा, ताप उतरल्यावर करा. आणि काही विचित्र खावंसं वाटत असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा. माझे आता दर सहा महिन्यांनी रिपोर्ट होतात आणि पुढे कधीतरी ती पिशवी पुन्हा लागेल, हे मला माहीत आहे. मला त्याचं दुःख नाही.

त्या दिवशी मी दुर्बिणीपासून मागे झाले आणि, कुणाला हसू येईल, पण त्या काचपट्टीला हात जोडले.

"स्वल्प सरक," हे म्हणाले, चष्मा कपाळावर चढवत. "मला पण बघू दे त्यांना."